अंतर हवंय, ऑपरेशन नको

मावशी, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला एका गावात राहते. वय २४. दोन मुली आहेत, थोरली तीन वर्षांची, धाकटी आठ महिन्यांची. मालक गोव्यात हॉटेलात कामाला असतात, पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं घरी येतात. मला तीन-चार वर्षं तरी तिसरं नको आहे. पण कायमचंही बंद करायचं नाही. उपकेंद्रातल्या सिस्टर कन्नडमधूनच बोलतात. त्यांना विचारलं तर ‘आपरेशन माडिस्कोळ्री’, ऑपरेशन करून घ्या, एवढंच म्हणाल्या. माझ्या जाऊबाईचं ऑपरेशन एका कॅम्पात झालं. तिची सही कन्नड फॉर्मवर घेतली, त्यात काय होतं ते तिला आजवर माहीत नाही. सासूबाईंना नातू पाहिजे. त्या म्हणतात, पुढच्या खेपेला पलीकडं महाराष्ट्रात नेऊन तपासून आणू. गावातली आशा कार्यकर्ती आमच्या भावकीतली, तिला काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत घरात कळतं.

बायका म्हणतात तांबी पोटात वर चढते आणि इंजेक्शन घेतलं की पुढं मूलच होत नाही. मी अंगावर पाजते, अजून पाळी आलेली नाही, म्हणून जाऊबाई म्हणते आत्ता दिवस जाणारच नाहीत. खरं का? नवऱ्याच्या सहीशिवाय तांबी बसवतात का? पैसे किती लागतात? माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आहे. तिथं गेले तर आधार कार्ड कर्नाटकचं म्हणून परत पाठवतील का?

नाव छापू नका.
– एक वाचक, खानापूर तालुका

पोरी,

तुझ्या पत्रातल्या एका प्रश्नाला थांबायला सवड नाही, म्हणून तो आधी घेते. पाळी आली नाही म्हणून दिवस जाणार नाहीत, हे जाऊबाईचं म्हणणं तुला आता लागू नाही. अंगावर पाजण्यानं दिवस राहत नाहीत हे खरं, पण त्याला तीन अटी एकदम पाळाव्या लागतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. त्याला दिवसरात्र फक्त आईचं दूध हवं, वरून पाणीसुद्धा नको. आणि आईला पाळी आलेली नको. यातली एक अट सुटली की भरवसा संपला. तुझी धाकटी आठ महिन्यांची आहे, तिला पेज, मऊ भात सुरू झालाच असेल. शिवाय बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीही बीज सुटू शकतं. मी याच बेळगाव जिल्ह्यात सिस्टर म्हणून नोकरी केली, निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बायकांपासून तुमच्या खानापूरच्या रानातल्या वस्त्यांपर्यंत. पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या आणि पोट दिसायला लागेपर्यंत पत्ता नसलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या.

म्हणून याच आठवड्यात लघवीची तपासणी कर. सरकारी आरोग्य केंद्रात त्यासाठी ‘निश्चय’ नावाची किट असते, फुकट मिळते. तिथं जाणं जमलं नाही तर औषधाच्या दुकानातली किटही चालते. सकाळची पहिली लघवी घे. आणि दुसरं काही सुरू होईपर्यंत मालक घरी येतील तेव्हा निरोध वापरा, एकही वेळ न चुकता. कधी निरोध फाटला किंवा वापरायचा राहिला तर तातडीची गोळी असते, सरकारी केंद्रात ती ‘ईझी पिल’ नावानं मिळते. तीन दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. मात्र ती अडीअडचणीला, नेहमीची म्हणून नाही.

आता मूळ गोष्ट. तू अंतर मागितलंस आणि तुला ऑपरेशन दाखवलं गेलं. यात तुझं काही चुकलेलं नाही, आणि त्या सिस्टरही वाईट बाई असतील असं मला वाटत नाही. आपल्याकडं कुटुंब नियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन, हे इतकं मुरलंय की बाकीचं सामान कपाटात असूनही पुढं केलं जात नाही. भारतानं १९५२ साली सरकारी कार्यक्रम सुरू केला, जगात सगळ्यांत आधी. पुढं कितीतरी वर्षं सिस्टरना, डॉक्टरांना ऑपरेशनचे आकडे ठरवून दिले जात. १९९६ साली ती उद्दिष्टं कागदावरून काढली, पण डोक्यातून गेली नाहीत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित बायकांच्या घरी बाईचं ऑपरेशन हाच उपाय होता, पुरुषाचं ऑपरेशन ०.३ टक्के. कर्नाटकात तर निम्म्याहून जास्त बायका ऑपरेशनवरच. आणि त्याच पाहणीत कर्नाटकात एका बाईला सरासरी १.७ मुलं. लोकसंख्या आवरायची म्हणून एका २४ वर्षांच्या मुलीला घाईघाईनं टेबलावर न्यायचं काहीएक कारण आता उरलेलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

तुझ्यासारखीला एकच युक्ती उपयोगी पडते. ‘काहीतरी द्या’ म्हणू नकोस. वस्तूचं नाव घेऊन माग. नाव घेतलं की समोरच्याला ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागतं.

तुला तीन-चार वर्षं हवी आहेत, म्हणून मी तांबी आधी सांगते. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या मिळतात. एक पाच वर्षं चालते, कॉपर-टी ३७५. दुसरी दहा वर्षं, कॉपर-टी ३८०-ए. दहा वर्षांची बसवली म्हणजे दहा वर्षं ठेवलीच पाहिजे असं नाही. उद्या वाटलं तर उद्या काढता येते, आणि काढल्यावर दिवस जायला वेळ लागत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला ती चालते, दुधावर काही परिणाम नाही. बसवल्या क्षणापासून काम सुरू. मात्र बसवायच्या आधी पोटात गर्भ नाही याची खात्री हवी, म्हणून ती तपासणी महत्त्वाची.

‘वर चढते’ या भीतीबद्दल सांगते. गर्भाशय ही बंद पिशवी आहे, तिच्यातून छातीकडं, पोटाकडं जायला वाट नसते. बसवताना क्वचित पिशवीला इजा होते, हजारात एखाद-दुसऱ्या बाईला, म्हणूनच शिकलेल्या हातानंच बसवून घ्यायची. काहींची तांबी पहिल्या महिन्यांत आपोआप बाहेर पडते, ते मात्र कधी कधी लक्षात येत नाही. त्यासाठी तिला बारीक दोरा असतो, पाळी झाल्यावर बोटानं चाचपून पाहायचा. तो लागत नसेल तर दाखवायला जायचं. खरा त्रास वेगळाच आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही. पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त जास्त जातं, कंबर-पोट दुखतं. हे सांगितलेलं नसलं की बायका घाबरून महिन्याभरात काढून घेतात आणि गावात तांबीचं नाव खराब होतं. बाळंतपणानंतर तुझं रक्त किती आहे हे आधी तपासून घे. थोडं कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घेत तांबी बसवता येते. फारच कमी असेल तर आधी रक्त वाढव, तोवर दुसरं काही बघू.

ते दुसरं म्हणजे ‘अंतरा’ इंजेक्शन. तीन महिन्यांनी एक. अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळ दीड महिन्याचं झालं की चालतं. याचं वैशिष्ट्य असं की घरात काही ठेवावं लागत नाही, कोणाला दिसत नाही. पाळीचं गणित मात्र बिघडतं. कधी थेंब-थेंब लाल जातं, कधी कित्येक महिने पाळीच येत नाही. पाळी बंद झाली म्हणजे विटाळ आत साचतो असं बायका म्हणतात, तसं काही नसतं. साचायला मुळात अस्तरच तयार होत नाही. आणि मूल कायमचं बंद होतं हे खोटं. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस जायला वेळ लागतो एवढं खरं, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने धर. तुला चार वर्षांनी तिसरं हवं असेल तर तेवढं आधी थांबायचं.

पण तुझ्या गावासाठी एक अडचण मला दिसते. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस मला माहीत आहे. आषाढात ओढे भरले की गाडी येत नाही, आणि कडेवर लेकरू घेऊन पायी निघणं सोपं नसतं. इंजेक्शनची तारीख दोन आठवडे आधी घेतली तर चालते, चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी चालतं, त्यापुढं नाही. म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच पुढच्या तारखा कॅलेंडरवर मोजून बघ. एखादी ऐन पावसात येत असेल आणि त्या दोन आठवड्यांच्या मुभेत बसत असेल, तर मृगाच्या आधी उरकून घे. तारखा सांभाळणं जमणार नाही असं वाटलं तर तांबीच बरी. एकदा गेलीस की पाच वर्षं त्या रस्त्याची चिंता नाही.

तिसरी ‘छाया’ गोळी. आपल्याच देशात, लखनौच्या संशोधन संस्थेत शोधलेली आहे, तिच्यात हार्मोन नाहीत, दुधाला धोका नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे रविवारी सुरू केली तर रविवार-बुधवार, आणि नंतर फक्त रविवारी. पाळी थोडी लांबू शकते. कावीळ झालेली असेल किंवा अंडाशयात गाठी असतील तर ही घेऊ नये. रोजची ‘माला-एन’ही आहे, बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर पाजणारी बाई ती घेऊ शकते, पण रक्तदाब, अर्धशिशी असेल तर नाही. आणि रोज गोळी, तीही सासूच्या नजरेआड, म्हणजे चुकणारच. तुला मी ती सुचवत नाही.

या सगळ्याला सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. आशाताई निरोध-गोळ्या घरपोच देतात तेव्हा फार तर रुपया-दोन रुपये. तांबी बसवायला कोणी शंभर-दोनशे मागितले तर पावती माग.

सही. तांबी, इंजेक्शन, गोळी, यातल्या कशालाही नवऱ्याची सही लागत नाही. सासूची तर नाहीच नाही. एवढंच कशाला, कायमच्या ऑपरेशनलाही नवऱ्याची संमती लागत नाही, केंद्र सरकारच्या नसबंदीच्या नियमांत हे २००६ पासून स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी ‘मालकांना घेऊन ये’ म्हणायची सवय दवाखान्यांना आहे, कारण उद्या घरच्यांनी भांडण केलं तर आपल्यावर नको. तुला तसं म्हणाले तर शांतपणे विचार, ‘हा नियम कुठं लिहिलाय ते दाखवा.’ तुझ्या शरीराचा, मूल व्हावं की नको याचा निर्णय तुझा आहे, आणि तो राज्यघटनेनं दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ सालीच सांगितलंय.

भाषेचं दुःख मला तुझ्याइतकंच कळतं. आपल्या जिल्ह्यात घरात मराठी, कागद कन्नड, आणि मध्ये बाई. तुझ्या जाऊबाईबरोबर जे झालं ते होता कामा नये होतं. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका कॅम्पात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली, त्यात डझनभर जणी गेल्या. त्यानंतर १४ सप्टेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं असे कॅम्प तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला. त्याच निकालात असंही आहे की ऑपरेशनची सगळी माहिती बाईला समजेल त्या भाषेत सांगायची आणि तिला विचार करायला तासभर तरी द्यायचा. समजेल त्या भाषेत, हे शब्द आपल्यासारख्यांच्या कामाचे आहेत. कागद कन्नडमध्ये असू दे, पण मराठीत समजावल्याशिवाय सही करायची नाही.

जाताना ही वाक्यं पाठ करून जा: ‘नन्गे आपरेशन बेड, कापर-टी बेकु.’ मला ऑपरेशन नको, कॉपर-टी पाहिजे. आणि ‘मराठीयल्लि हेळ्री’, मराठीत सांगा. बेळगावकडच्या बहुतेक सिस्टरना मोडकंतोडकं मराठी येतं, पण कामाच्या गर्दीत ते निघत नाही. तू दोन शब्द कन्नड बोललीस की त्याही चार शब्द मराठी बोलतील, हे मी नोकरीत रोज बघितलंय. तेही जमलं नाही तर १०४ ला फोन लाव, कर्नाटक सरकारची आरोग्य सहायवाणी आहे. कुठल्या दवाखान्यात काय मिळतं ते विचारता येतं.

जाऊबाईला सांग, तिच्याकडं नसबंदीचा दाखला नसेल तर जिथं नाव नोंदलं तिथून मागून घे. ऑपरेशन होऊनही कधी पाळी चुकली तर एक दिवस न घालवता दवाखान्यात जायचं, कारण क्वचित ऑपरेशन फसतं आणि त्यासाठी सरकारची भरपाईची योजना आहे. कागद नसले की तीही मिळत नाही.

आशा भावकीतली आहे, ही अडचण तुझ्या एकटीची नाही, लहान गावात ती सगळीकडं असते. आशाताईंवर मी टीका करणार नाही, तुटपुंज्या पैशांवर त्या किती राबतात हे मला माहीत आहे. पण तू तिच्यामार्फतच गेलं पाहिजेस असा कुठलाही नियम नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खानापूरच्या तालुका रुग्णालयात सरळ जाता येतं, चिठ्ठी लागत नाही. धाकटीला नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस द्यायची आहेच. आई-बाळाच्या नोंदीचं ‘तायी कार्ड’ घेऊन लसीला जायला घरात कोणी अडवणार नाही. त्याच फेरीत तांबीचं काम होतं. त्या दिवशी तांबी बसवणाऱ्या सिस्टर किंवा डॉक्टर असतील का, हे आधी फोन करून विचारून घे, नाहीतर हेलपाटा पडेल. काही ठिकाणी यासाठी आठवड्यातला वार ठरलेला असतो. अंतराचं कार्ड घरी न्यायचं नसेल तर माहेरी ठेव.

आणि चंदगडचं विचारलंस. जा की. कुटुंब नियोजन हा केंद्राचा कार्यक्रम आहे, तांबी, अंतरा, छाया, निरोध दोन्ही राज्यांत त्याच आहेत. आधार कार्ड कुठल्या राज्याचं यावरून तांबी नाकारायचं काही कारण नाही. ऑपरेशन केलं तर जे पैसे मिळतात त्यासाठी मात्र त्या राज्याची कागदपत्रं, बँक खातं विचारतात, तुला त्याची गरज नाही. चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयात सगळं मराठीत बोलता येईल, हा मोठा आधार. फक्त एक लक्षात ठेव. इंजेक्शन तिथं सुरू केलंस तर दर तीन महिन्यांनी माहेरी जायला जमणार का? तांबी असेल तर माहेरी बसवून सासरी यायचं, प्रश्न मिटला. कुठली बसवली, कधी बसवली, कधी काढायची, हे लिहिलेलं कार्ड मात्र आठवणीनं घे. चार वर्षांनी खानापूरला काढायला गेलीस तर त्यांना कळायला हवं.

हे सगळं चोरून करावं लागतंय याची लाज वाटून घेऊ नकोस. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा आपला बेळगाव मुंबई इलाख्यातच होता. १९३० साली म्हैसूर संस्थानानं सरकारी दवाखान्यांत अशी केंद्रं उघडली. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात आला, तो नामंजूर झाला. बाईला मूल कधी हवं हे तिनं ठरवावं, यासाठी बेळगावच्या उत्तरेला आणि दक्षिणेला, दोन्हीकडं माणसं शंभर वर्षांपूर्वी झगडली आहेत. तू काही नवलाचं मागत नाहीस.

आता सासूबाई. नातू हवा असं वाटण्यावर मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या काळात मुलगा नसलेल्या बाईचे काय हाल होत ते त्यांनी पाहिलंय. पण ‘पलीकडं नेऊन तपासून आणू’ हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मुलगा-मुलगी तपासणं १९९४ च्या कायद्यानं दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. तपासणाऱ्या डॉक्टरलाच नव्हे, बाईला तिथं घेऊन जाणाऱ्या घरच्यांनाही शिक्षा आहे, आणि बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा धरून चालतो. सीमेचा गैरफायदा घेणारे दलाल आपल्या भागात आहेत. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. एक गर्भवती बाई तिथं मेली, म्हणून ते उघडकीला आलं. असल्या ठिकाणी भूल देणारा कोण, रक्त लागलं तर कुठून आणणार, कोणी विचारत नाही. सासूबाईंना म्हैसाळचं नाव सांग. त्यांनी ऐकलेलं असेल. आणि तिथं जायला तू कोणत्याही परिस्थितीत नकार दे. दमदाटी झाली तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे.

मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, हे सासूबाईंना तुझ्या तोंडून पटणार नाही. मालकांच्या तोंडून कदाचित पटेल.

त्यांच्याबद्दल तू एका ओळीपलीकडं लिहिलंच नाहीस. ते विरोधात आहेत असं कुठं दिसत नाही. मग त्यांना बाजूला का ठेवतेस? सही लागत नाही म्हणून बोलायचंच नाही असं नाही. रात्री शेजारी बसून सांग की दोन मुलींचं दूध, शाळा, औषध नीट करायचं तर तीन वर्षं थांबायचंय, आणि आईला उत्तर द्यायचं ते तुम्ही द्या. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर ठेवा असं सरकारही सांगतं, ते आईच्या रक्तासाठी आणि बाळाच्या वजनासाठी. गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे समजणार नाही असं नाही. पुढं कधी दोघांना पुरे वाटलं तर कायमचं ऑपरेशन त्यांचंही होऊ शकतं. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांची असते, त्याच दिवशी घरी येता येतं, ताकद जात नाही, संसारसुखात फरक पडत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरून मग तपासणी करायची. बाईचं पोट उघडावं लागतं, पुरुषाचं नाही, तरी आकडा तिकडं ३७.९ आणि इकडं ०.३. हे बदलायचं तर कुठल्यातरी घरातून सुरुवात व्हायला हवी.

आणखी एक. तू एकटी गेलीस आणि ‘तांबी शिल्लक नाही’ म्हणाले तर परत येशील. गावातल्या दोघी-तिघी मिळून गेलात आणि तेच ऐकलंत तर साध्या मराठीत एक अर्ज लिहा: अमुक तारखेला कॉपर-टी मागितली, मिळाली नाही. तो खानापूरच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राला आरोग्य रक्षा समिती असते, तिच्यात तुमच्याच भागातली माणसं असतात, त्यांच्याही कानावर घाला. सामान वरून येतं ते खपाच्या नोंदीवर येतं. कोणी मागितलंच नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर पुढच्या खेपेला कमी येतं, आणि मग पुन्हा बायकांपुढं ऑपरेशनच उरतं.

राहिलं तपासणीचं. ती पॉझिटिव्ह आली तर घाबरू नकोस, आणि औषधाच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या आणून खाऊ नकोस. अर्धवट पडून रक्त वाहत राहिलेल्या बायका आम्ही रात्री-अपरात्री बेळगावला हलवल्या आहेत. गर्भपात आपल्याकडं १९७१ पासून कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, नऊ आठवड्यांच्या आत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनीही होतो. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही, आणि तुझं नाव बाहेर सांगणं डॉक्टरला कायद्यानं बंद आहे. तालुका रुग्णालयात सोय नाही म्हणाले तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जा. मूल ठेवायचं ठरवलंस तर तेही तुझंच ठरवणं. तेव्हा लगेच नाव नोंदव, आणि बाळंतपण झाल्यावर ४८ तासांच्या आत तिथंच तांबी बसवता येते, हे आतापासून डॉक्टरांना सांगून ठेव.

निकाल काय येतो ते मला कळव. पण पॉझिटिव्ह आला तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठ.

– तुझी मावशी